निळी फीत दिसली की

थोरली सिंहासनावर बसली होती आणि तिला ते शोभतही होतं.

दुकानात दुसरी धड खुर्चीच नव्हती. नाटकवाल्यांना कपडे, दाढीमिशा, तलवारी, टेलिफोन, मेणाची फळं असलं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात बसायचं म्हणजे एक तर राजाच्या सिंहासनावर, नाहीतर तिसऱ्या अंकात मोडण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या खुर्चीवर. मामाचा हात त्या दुसऱ्या खुर्चीकडे गेलाही होता. मोठी बहीण, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, दाणकन खाली. वर्षभर पुरलं असतं. पण मामीने नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात त्या बघण्याचा अर्थ त्याला पाठ झाला होता.

समोरच्या टेबलावर सहा कप होते. चहाचे नव्हेत, बक्षिसाचे. शाळेच्या क्रीडास्पर्धेतले, जड, चकचकीत, खरेखुरे. प्रत्येकाच्या मानेला निळी फीत.

"सहा," थोरली म्हणाली. "शाळेतून गेले सात. सातवा कुठाय?"

प्रश्न भिंगरीला होता. भिंगरी म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, नऊ वर्षांची. एका जागी उभी राहिली तरी हिचं काही ना काही फिरत असतं, म्हणून मामानेच हे नाव ठेवलेलं. आत्ता डावा पाय फिरत होता.

"बाईंनी सांगितलं, घेऊन जा," भिंगरी म्हणाली.

"बाईंनी असं काही सांगितलेलं नाही. बाईंचाच फोन आला होता. सातवा कुठाय?"

भिंगरीने छताकडे बघितलं. "तो नळावर गेला. पाणी प्यायला."

"कप. पाणी प्यायला."

"हो. तहान लागली त्याला."

"भिंगरे, आता शेवटचं विचारते हं."

भिंगरीने पुन्हा छताकडे बघितलं. तिथे काही सापडतंय का, असं. "एक माणूस आला. त्याने मिशी काढली, खिशात ठेवली आणि कप घेऊन गेला."

मामी पदराआड हसली. मामा तर उघड हसला. थोरलीच्या ओठाचा कोपरासुद्धा हलला, पण तिने तो लगेच जागेवर बसवला.

"हसा," ती म्हणाली. "एका प्रश्नाला तीन उत्तरं आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आणि तुम्ही म्हणता, हिच्या मेंदूत अडचण आहे. अडचण कसली, कारखाना आहे तिथे."

कोपऱ्यात शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं. धाकटी मान वर न करता म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ताई, ती मुद्दाम करत नाही. मेंदू घडताना, पोटात असतानाच..."

पुढचं वाक्य तिने मशीनखाली घातलं आणि पायडल मारलं.

ते वाक्य सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या वर्षी धाकटी नाटक कंपनीबरोबर कपडे सांभाळत गावोगाव फिरत होती, त्या वर्षी कपड्यांच्या पेटीत तळाशी बाटली असायची, आणि त्याच वर्षी भिंगरी पोटात होती. बाटली सुटूनही आता बरीच वर्षं झाली होती. पण जे पोचायचं ते पोरीपर्यंत पोचलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते यंदा कुठे समजावून सांगितलं: आज शिकवलेलं उद्या गळून जाईल, परवा अचानक सापडेल, गोंगाटात ही बिथरेल, वय नऊचं असलं तरी काही बाबतीत पाचची धरून चाला, आणि शिक्षा केलीत तर तिला शिक्षा आठवेल, कशाबद्दल झाली ते आठवणार नाही. घरात सगळ्यांनी ते ऐकलं, माना डोलावल्या आणि पुन्हा आपापल्या पद्धतीने ओरडायला लागले.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर भिंगरीची बॅग भरून ठेवली होती. ती थोरलीने भरली नव्हती. मामीनेही नाही. धाकटीने स्वतः, सकाळी, एकेक फ्रॉक नीट घडी घालून भरली होती.

"चारला शाळेत पालकांची सभा आहे," थोरली म्हणाली. "पहिला विषय हे कप. ते नाव काढून टाकणार. काढून टाकण्यापेक्षा आपण काढून नेलेलं बरं. साडेपाचची गाडी आहे. माझ्याकडे राहील, वेळेवर उठेल, वेळेवर झोपेल. वर्षभरात सरळ करून देते."

"आणि सरळ नाही झाली तर?" मामाने विचारलं.

"तू झालास का सरळ? तरी जगतोयस ना."

मामाला एक उत्तर सुचलं. पण ते मामीसमोर देण्यासारखं नव्हतं.

भिंगरीला मामी वर दूध प्यायला घेऊन गेली आणि मामा विचारात पडला. हे क्वचित व्हायचं, त्यामुळे ओळखू यायचं.

त्याला कप सोडून भलत्याच गोष्टीची उत्सुकता लागली होती. खोटं बोलणं हा त्याचा हयातीचा धंदा. खोट्या मिशा, खोटी फळं, आणि वर फुकटची खोटी गंमत. सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याने एकदा मेणाचं केळं सोलायला लावलं होतं. त्यामुळे खोट्या माणसाचे डोळे कुठे असतात हे त्याला पक्कं माहीत होतं. ते समोरच्याच्या तोंडावर असतात. माल खपतोय का, घासाघीस होणार का, बघायला. भिंगरीचे डोळे छताला होते. ती कुणाला काही विकत नव्हती. आत हात घालून चाचपडत होती, आणि जे हाताला लागेल ते काढून देत होती. मावशीने मागितलं, रिकाम्या हाताने कसं परतायचं म्हणून. आणि फायदा? नळावर पाणी प्यायला गेलेल्या कपात कुणाचा काय फायदा? मामाने आयुष्यात एकही खोटं फायद्याशिवाय बोललेलं नव्हतं, निदान हसण्याचा तरी फायदा असायचाच.

तो मशीनपाशी गेला. "बॅग का भरलीस?"

"ताई बरोबर म्हणतेय," धाकटी म्हणाली.

"ताई जन्मापासून बरोबरच म्हणतेय. मी बॅगेबद्दल विचारतोय."

तिने दोरा दाताने तोडला. "दादा, मी तिला काय सांभाळणार. मी तिचं आधीच जे केलं ते केलं. शाळेच्या गेटच्या आत मी अजून पाय ठेवलेला नाही. समोर बसस्टॉपवर उभी राहते, सुटली की हाक मारते. आत गेले तर त्या सगळ्या आया आधी माझ्या जवळ येऊन वास घेतील, असं वाटतं मला. नाही घेणार. पण वाटतं. ताईकडे असलं काही नाही. ती ताठ मानेने जाईल."

"आणि भिंगरी?"

"तिला सवय होईल."

"तुला?"

धाकटीने मशीनमध्ये नवा दोरा ओवायला घेतला आणि तो काही सुईत जाईना. मामाने तिच्या हातातून घेतला, त्याच्याही हातून जाईना. मग दोघांनी तो तसाच सोडला.

दारावरची घंटा वाजली. वर्गशिक्षिका होत्या. तरुण, काखेत छत्री, खांद्याला पर्स, आणि चेहरा सकाळपासून चार पालकांचे फोन घेतलेला. मामाने घाईघाईने तिसऱ्या अंकातली खुर्ची बाजूला सरकवली आणि त्यांना फळीवर चढायचं स्टूल दिलं. भिंगरीच्या बाई म्हणून, नाहीतर मोह मोठा होता.

"सापडले," बाई कपांकडे बघून म्हणाल्या आणि सुटकेने स्टुलावर टेकल्या. "पण मामा, काल फोनवर तुम्ही म्हणालात की तुम्ही स्वतः सगळी फळी तपासलीत, इथे आलेच नाहीत."

"तपासली होती ना," मामा म्हणाला. "कप अन् कप हातात घेऊन."

हे बोलताना त्याला स्वतःला ते अगदी खरं वाटत होतं.

"सकाळी धूळ पुसताना मला सापडले," मामी जिन्यावरून उतरत म्हणाली. "आपल्या नाटकातल्या पत्र्याच्या कपांच्या रांगेत. नीट, एका ओळीत, फिती पुढे करून लावलेले. चोर कधी असं लावेल का?"

"म्हणजे तू पण आता तिकडून?" थोरलीने विचारलं.

"मी कुठूनच नाही, वन्सं. मी दमलेय. हे दिवसभर विनोद करतात, तिच्यामागे मी धावते. तुम्ही नेणार म्हणालात तेव्हा मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण चोर म्हणू नका."

"काय म्हणू मग? शाळेत दिसले, हातात आले ते उचलले."

"टेबलावर पुष्कळ होते," बाई म्हणाल्या. "लाल गटाचे, पिवळ्या गटाचे. मोठी ढाल तर चांदीची. तिने कशालाच हात लावला नाही. फक्त निळ्या गटाचे सगळे नेले. त्यामुळे निळ्या गटाचे पालक म्हणतात, कुणीतरी शिकवून पाठवलीय."

मामा उभा होता तिथेच थिजला.

"काय झालं?" मामीने विचारलं.

"शिकवून पाठवलीय," तो हळूच म्हणाला. "मीच."

पण त्याने पुढे काही सांगितलं नाही. सांगून कुणाचं समाधान होतं? त्याने खणातून निळ्या फितीचं रीळ काढलं, पाठीमागे धरलं आणि शीळ घालत सिंहासनाच्या मागून एक चक्कर मारली. थोरली तेव्हा बाईंना विचारत होती, वर्गात मुलं किती, हजेरी कोण घेतं, फळ्यापासून ही किती लांब बसते. तिला जुन्या धंद्याची गोडी लागली होती. तिची पर्स सिंहासनाच्या हातावर लटकत होती. शेजारीच, जमिनीवर, बाईंची पर्स.

मग मामा जिन्यापाशी जाऊन नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "भिंगरे, पेटी."

धाडधाड पावलं आली. भिंगरीच्या ओठावर दुधाची मिशी होती. ती कुणाकडेही न बघता लाकडी पेटीपाशी गेली, झाकण उघडलं आणि दुकानभर फिरायला लागली. राजाचा मुकुट, फीत होती, पेटीत. पिस्तूल, फीत होती, पेटीत. टेबलावरचे कप, फीत होती, सहाही पेटीत. छत्री बाईंची, फीत नव्हती, ओलांडून पुढे. बाईंची पर्स, ओलांडली. थोरलीची पर्स उचलली आणि पेटीत.

"बघा," थोरली म्हणाली. "डोळ्यांदेखत. मालकीण बसलेली असताना."

मामा पेटीपाशी गेला, पर्सच्या पट्ट्याची फीत सोडली, थोरलीसमोर वाकला आणि कुणाला कळायच्या आत ती तिच्या सँडलला बांधली. "भिंगरे, पेटी."

भिंगरी आली, गुडघ्यावर बसली. "मावशी, पाय उचल," म्हणाली, अगदी मऊ आवाजात. सँडल काढलं, पेटीत नेऊन ठेवलं. पेटीत पर्स दिसली. तिला आता फीत नव्हती. भिंगरीने ती उचलून आणली आणि थोरलीच्या मांडीवर ठेवली.

थोरलीचा एक पाय अनवाणी होता आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं. आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. कोडं घातलेल्या पोरीचा होता.

"नाटक संपलं की रंगमंचावर चार दुकानांचं सामान एकत्र पडलेलं असतं," मामा म्हणाला. "आपल्या प्रत्येक वस्तूला निळी फीत. निळी फीत दिसली की आपलं. उचल, पेटीत टाक. हे एवढंच काम. मी भिंगरीला नेतो बरोबर. माझ्या हातून दर खेळाला काहीतरी राहायचं. तिच्या हातून आजवर एक सेफ्टी पिन राहिलेली नाही."

"अजून एकदा," थोरली म्हणाली आणि रीळ त्याच्या हातातून घेतलं. एक तुकडा तोडला, भावाच्या मनगटाला बांधला, घट्ट. "भिंगरे, पेटी."

भिंगरीने मामाचा हात धरला आणि त्याला ओढत नेलं. "आत बस," म्हणाली.

"अगं मी आहे."

"फीत आहे."

मामा पेटीत बसला. गुडघे हनुवटीला लागले. थोरली हसायला लागली. बाई हसल्या. मशीनपाशी धाकटीसुद्धा हसली आणि मग तिने तोंड फिरवलं.

तेवढ्यात फोन वाजला. मामाने पेटीतूनच हात लांब करून घेतला. पलीकडे नाटक कंपनीचा मॅनेजर होता, आणि तो इतका मोठ्याने बोलायचा की फोन नसता तरी चाललं असतं.

"मामा, परवा कप दिलात तो कसला दिलात? दुसऱ्या अंकात नायक तो खलनायकाला फेकून मारतो. रोज पत्र्याचा असतो, टण् करून उडतो. काल खलनायकाच्या कपाळाला अंड्याएवढं टेंगूळ. आज तो कामच करायला तयार नाही. आणि हो, त्या दिवशी एक मिशी लावून बघितली होती मी, ती चुकून खिशात राहिली. पाठवून देतो."

मामाने फोन ठेवला. कुणाकडे बघावं ते त्याला सुचेना.

"मिशी खिशात," मामी म्हणाली.

"खिशात," मामा म्हणाला.

"म्हणजे पोरगी खरं सांगत होती."

"तिसऱ्या वेळेला, हो." तो पेटीतून उठायचा प्रयत्न करत होता आणि अडकला होता. "मी स्वतःच्या हाताने दिला तो कप. बोलण्याच्या नादात पत्रा की पितळ, हाताला कळलं नाही. आणि बाई, काल फोनवर मी जे म्हणालो ना, कप अन् कप हातात घेतला... मी जागेवरून उठलोसुद्धा नव्हतो. पण तुम्हाला सांगताना मला ते दिसत होतं. फळी, कप, माझा हात. सगळं."

थोरली उठली, एका पायात सँडल, तशीच लंगडत पेटीपर्यंत गेली आणि त्याला हात देऊन वर काढलं.

"तू गाढव आहेस," ती म्हणाली, "पण ते नंतर. आधी हे सांग, तिला 'उचल' शिकवलंस. 'कुठे उचलायचं नाही' ते शिकवलंस का?"

मामाने मनगटाची फीत सोडायला घेतली.

"मला वाटलं ते कुणालाही कळतं."

"तुला वाटलं. मलाही तसंच वाटायचं, इतकी वर्षं. सांगितलं की कळतं." थोरली भिंगरीसमोर वाकली. "भिंगरे, शाळेत निळी फीत दिसली तर उचलायची नाही. ती शाळेची. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"उचलायची नाही. शाळेची."

थोरली मामाकडे वळली, जणू झालंच. मग तिची तिलाच शंका आली. तिने मामीला बिस्किटं मागितली, भिंगरीला एक दिलं, तिच्याशी दुधाबद्दल बोलली, मग सहज विचारलं, "शाळेत निळी फीत दिसली तर?"

"उचलायची," भिंगरी म्हणाली. "पेटीत टाकायची."

तिच्या तोंडावर लबाडी नव्हती, हट्ट नव्हता. मघाचं जे आत ठेवलं होतं ते तिथे नव्हतं, एवढंच. थोरली सिंहासनाच्या कडेला टेकली. एवढी वर्षं शाळा चालवलेली बाई, आणि तिला पहिल्यांदाच कुणीतरी नवं पुस्तक हातात दिल्यासारखं झालं होतं.

"मग ते पहिलं कसं राहिलं आत?" तिने विचारलं. "फितीचं."

"जागेवर," मामा म्हणाला. "नाटकाच्या मागे उभं राहून. दर खेळाला तेच. तिचा हात धरून."

"आणि शब्द तेच लागतात, वन्सं," मामी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, कारण मामीला हे माहीत असेल असं कुणाला वाटलं नव्हतं, मामीलाही नाही. "एकदा मी म्हटलं, 'रिबन बघ गं सगळीकडे.' ती नुसती उभी. 'फीत' म्हटलं, लागली कामाला. आणि मी एका दमात दोन कामं सांगितली की एकही होत नाही. मला वाटायचं, माझं ऐकत नाही."

"म्हणजे शाळेत शिकवायचं तर शाळेत जाऊनच," थोरली म्हणाली. "त्या टेबलापाशी. तेच शब्द, रोज. माझ्या घरी नेऊन मी तिला माझं घर शिकवेन. शाळा नाही." तिने हे म्हटलं आणि जिन्यावरच्या बॅगेकडे न बघण्याची काळजी घेतली.

बाई बोटाने छत्रीची मूठ फिरवत होत्या. "मला पटतंय. पण माझ्या वर्गात चाळीसच्या वर मुलं आहेत. एकीच्या शेजारी मी उभी राहू शकत नाही. कुणीतरी रोज यायला हवं. निदान सकाळी आल्यावर, मधल्या सुट्टीत, सुटताना. गोंधळ असतो तेव्हाच ती बिथरते."

"मी थांबते महिनाभर," थोरली म्हणाली. "मी येईन."

मामाला बरं वाटलं. मामीलाही वाटलेलं दिसलं. प्रश्न सुटला होता, आणि तोही थोरलीच्या खर्चाने.

"आणि महिन्यानंतर?" धाकटीने विचारलं.

मशीन कधी बंद झालं होतं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती उभी होती, गळ्यात टेप, हातात अर्धवट शिवलेला शिपायाचा कोट.

"नंतरचं नंतर बघू," थोरली म्हणाली.

"नको. एकदा तू, मग वहिनी, मग दादा. प्रत्येकाचे शब्द वेगळे. तिला एकच आवाज पाहिजे." तिने कोट मशीनवर ठेवला. "मी जाते."

"आत?" मामाने विचारलं. त्याला विचारायचं नव्हतं, पण गेलं तोंडातून.

"आतच. बसस्टॉपवरून काय शिकवणार."

बाई जरा चाचरल्या. "मुख्याध्यापकांची परवानगी लागेल."

"त्यांच्याशी मी बोलते," थोरली म्हणाली. "त्यांची भाषा मला येते."

"आणि इतर पालक विचारतील, तुम्ही रोज वर्गात का. म्हणजे, मी काय सांगू त्यांना?"

धाकटीने गळ्यातली टेप काढून नीट गुंडाळली. एक टोक सुटलं, तिने पुन्हा गुंडाळली.

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "मी सांगेन. तीन वाजलेत ना? सभेच्या आधी जाऊ. कप तिच्याच हाताने परत ठेवायचेत." मग थोडं थांबून म्हणाली, "शब्द काय ठेवायचे ते ठरवा. छोटे ठेवा."

शब्द ठरवायला जितका वेळ लागला तितका या घरात कुणाचं लग्न ठरवायलाही लागला नव्हता. थोरलीला पूर्ण वाक्य हवं होतं. मामाला यमक हवं होतं. शेवटी मामी म्हणाली, "शाळेचं. हात मागे." आणि तेच राहिलं.

शाळेचा हॉल मोठा आणि उघडा होता. खुर्च्या मांडायचं काम चालू होतं, त्यांचे पाय फरशीवर करकरत होते, आणि त्या आवाजाने भिंगरीने दोन्ही कानांवर हात ठेवले. धाकटीने खुर्च्या मांडणाऱ्या माणसाला जरा थांबायला सांगितलं. गेटमधून आत येताना ती मामाचा दंड धरून होती. आता तिने तो सोडला होता. थोरली मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली होती आणि दार लावून घेतलं होतं, म्हणजे बिचाऱ्यांचं काही खरं नव्हतं.

लवकर आलेल्या चारपाच आया दाराशी उभ्या होत्या. टेबलावर लाल, पिवळे कप मांडलेले होते. भिंगरीने पिशवीतून पहिला निळा कप काढून टेबलावर ठेवला, आणि लगेच परत उचलला.

"शाळेचं. हात मागे," धाकटी म्हणाली.

भिंगरीने कप ठेवला, हात मागे घेतले. मग फीत दिसली. हात पुढे.

"शाळेचं. हात मागे."

आवाज चढला नाही. दमला नाही. मामा बघत राहिला. एखादी गोष्ट इतक्या वेळा त्याच सुरात म्हणायला नटांना महिनोन्महिने तालीम लागते, आणि तरी शेवटच्या रांगेतला एखादा जांभई देतोच. इथे कुणी जांभई देत नव्हतं.

दारातल्या एका आईने, कडेवर लहान मूल असलेल्या, शेवटी विचारलंच. "हे काय करताय तुम्ही? हीच ना ती, कप नेणारी?"

"हीच," धाकटी म्हणाली. तिने भिंगरीच्या हातांवरची नजर काढली नाही. "पोटात होती तेव्हा मी प्यायचे. दारू. तिच्या डोक्यात गोष्टी टिकत नाहीत, म्हणून जागेवर येऊन शिकवावं लागतं. मी रोज येणार आहे. भिंगरे. शाळेचं. हात मागे."

त्या बाईने कडेवरचं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. तिच्या शेजारची मागे सरकली, निघूनच गेली. कडेवर मूल असलेली मात्र गेली नाही. थोड्या वेळाने आत आली, एक खुर्ची ओढायला लागली, मग काहीतरी आठवून ती उचलून ठेवली, आवाज न करता, आणि बसली बघायला.

सहा कप रांगेत लागले. एकाची फीत वाकडी झाली होती. मामाला वाकडी फीत बघवत नाही, धंद्याची सवय. त्याने हात पुढे केला.

"शाळेचं," भिंगरी कडाडली. "हात मागे."

मामाचे हात आपोआप मागे गेले. त्याच्या सगळ्या अंगाला हसू फुटलं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मामीने त्याला कोपर मारलं, म्हणजे बघा, बघितलंत ना.

भिंगरीने मामाचे हात खरंच मागे आहेत का, हे त्याच्या पाठीमागे जाऊन तपासलं. खात्री झाली. मग टेबलापाशी आली, ज्याची फीत वाकडी होती तोच कप उचलला, काखेत मारला आणि दाराकडे निघाली.

धाकटी तिच्यामागे निघाली. पळाली नाही, हाकही मारली नाही. दाराशी तिला गाठलं, तिच्यासमोर खाली बसली, डोळ्यांच्या पातळीला, आणि पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखी म्हणाली,

"शाळेचं. हात मागे."